हनुवटीवर टाक्यांऐवजी गोंद लावला, काम कच्चं झालंय का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. साडेचार वर्षांचा मुलगा बाथरूममध्ये घसरला, हनुवटी फरशीवर आपटली आणि खालची कातडी दीडेक सेंटिमीटर फाटली. जवळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी जखम धुतली, सुई न टोचताच कडा चिमटीत धरल्या, वरून जांभळं काहीतरी लावलं आणि पंधरा मिनिटांत घरी पाठवलं. सासूबाई म्हणतात, टाके घातले नाहीत म्हणजे काम कच्चं. दीर म्हणतात, हा तर पाच-दहा रुपयांच्या ट्यूबमधलाच गोंद, घरीच लावला असता तर एवढं बिल कशाला झालं असतं. तुम्ही 'सायनोअ‍ॅक्रिलेट' हे नाव शोधून काढलंत आणि त्यातल्या 'सायनो'नं तुमची झोप उडवली. आज तिसरा दिवस. गोंदाची एक कड सुटून वर आलीय आणि पोरगं ती खाजवतंय.

मी सर्जन आहे. अठरा वर्षं एका जिल्ह्याच्या गावी कॅज्युअल्टी सांभाळतेय. पडलेली, धडपडलेली, पतंगाच्या मांज्यानं कापलेली मुलं रोजचीच. पण तुमच्या मुलाची जखम मी पाहिलेली नाही. ती किती खोल होती, कडा सरळ फाटल्या होत्या की चेचल्या होत्या, हे तिथल्या डॉक्टरांनाच ठाऊक. म्हणून त्यांचा निर्णय बरोबर की चूक हे मी सांगू शकत नाही. अशा जखमेला गोंद लावावा की नाही हे कसं ठरवतात, तेवढं मात्र नक्की सांगते.

आधी आजचं काम. सुटलेली कड ओढू नका. कपड्यात अडकत असेल तर सुटलेला तेवढाच तुकडा छोट्या कात्रीनं कापून टाका, बाकीचा आपोआप पडेल. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास हा थर खपलीसारखा सुटतो. तिसऱ्या दिवशी एखादी कड उचलली तर त्यात काळजीचं काही नाही, आतल्या कडा एकमेकींना धरून असल्या म्हणजे झालं. आजूबाजूची लाली पसरत असेल, दाबल्यावर पू येत असेल, ताप असेल, किंवा दुखणं कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

दुसरं, आणि माझ्या मते हे गोंदापेक्षा महत्त्वाचं. हनुवटीवर आपटलेल्या मुलाची जखम सगळे बघतात, जबडा कुणी बघत नाही. हनुवटीवर बसलेला मार जबड्याच्या हाडातून थेट कानापुढच्या सांध्यापर्यंत जातो आणि सांध्यालगतचा जबड्याच्या हाडाचा नाजूक, बारीक भाग मोडू शकतो. बाहेरून काहीच दिसत नाही. आज त्याला आ करायला सांगा. त्याचीच तीन बोटं उभी धरून तोंडात मावतात का बघा. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकते का? दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसतात का? कानापुढे बोट ठेवलं की कळवळतो का? भाकरी चावायला नको म्हणतो आणि वरणभात तेवढा गिळतो का? तीन बोटं मावत नसतील, दात पूर्वीसारखे बसत नसतील, किंवा बाकीच्या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर एक्स-रे काढून तोंडाच्या सर्जनना दाखवा. हे मोडलेलं हाड लहानपणी नजरेतून सुटलं तर सांधा आखडू शकतो आणि त्या बाजूचा जबडा वाढायचा राहू शकतो. तिथल्या डॉक्टरांनी हे तपासलंही असेल. आईच्या लक्षात अशा वेळी काय काय राहणार? म्हणून पुन्हा एकदा बघा.

आता मूळ मुद्दा. सासूबाई आणि दीर विरुद्ध टोकांना असले तरी दोघांच्या डोक्यात चित्र एकच आहे: गोंदानं कातडी कातडीला चिकटवली. सासूबाईंना ते कच्चं वाटतं, दिरांना सोपं. प्रत्यक्षात जखमेच्या आत गोंद घालतच नाहीत. कडा बोटांनी किंवा चिमट्यानं एकमेकींना भिडवायच्या, किंचित वर उचललेल्या ठेवायच्या, आणि वरून, फक्त वरून, पातळ थर ओढायचा. तो जखमेच्या दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर ते एक सेंटिमीटर कोरड्या, चांगल्या कातडीवर पसरतो. अर्धा मिनिट थांबून दुसरा थर, मग तिसरा. म्हणजे ओढ्यावरचा साकव म्हणा. दोन्ही काठ तो जागच्या जागी धरून ठेवतो, आणि खाली जखम भरायचं काम शरीर स्वतः करतं. टाकेही हेच करतात, फक्त ते आरपार जातात.

गोंद आत झिरपला तर तो पाचरीसारखा कडांच्या मध्ये बसतो. कडा भेटत नाहीत, शरीर त्याला परका समजून लढतं, जखम चिघळते, व्रण रुंद होतो. गोंद लावलेली जखम बिघडून माझ्याकडे येते तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा कारण हेच निघतं. गोंद वाईट नव्हता, तो चुकीच्या जागी गेला होता.

दीर म्हणतात ते रसायनाच्या घराण्यापुरतं खरं आहे. दोन्ही सायनोअ‍ॅक्रिलेटच. हे घराणं सापडलं तेही अपघातानंच. १९४२ मध्ये अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती आलं ते ज्याला त्याला चिकटायला लागलं, म्हणून वैतागून बाजूला ठेवलं. १९५१ मध्ये त्यांचा सहकारी फ्रेड जॉयनर याच घराण्यातल्या पदार्थातून जाताना प्रकाश किती वाकतो ते मोजायला गेला आणि महागड्या उपकरणाचे दोन लोलक एकमेकांना चिकटून बसले. तेव्हा कुठे कुणाच्या डोक्यात आलं की अरे, हा तर गोंद आहे! १९५८ मध्ये तो बाजारात आला. व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांचा रक्तस्राव थांबवायला त्याचा फवारा वापरला गेला, पण कातडीवर वापरायचा ऑक्टिल जातीचा गोंद अमेरिकेत मान्य व्हायला १९९८ साल उजाडलं. एवढा वेळ लागला तो दिरांच्या प्रश्नावरच, म्हणजे कुठला गोंद शरीराला चालतो आणि कुठला नाही.

हे रसायन ट्यूबमध्ये पातळ असतं आणि ओलावा लागला की क्षणात त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या होऊन ते घट्ट होतं. कातडीवर ओलावा असतोच, म्हणून बोटं इतकी झटकन चिकटतात. घट्ट होताना ते तापतं. नंतर हळूहळू तुटतं आणि तुटताना थोडं फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं. सगळा फरक इथे आहे. रेणूची शेपटी आखूड असेल, म्हणजे मिथिल किंवा इथिल, तर तो भराभर तुटतो, पेशींना त्रास देतो, आणि घट्ट झाला की काचेसारखा कडक होऊन तडकतो. हार्डवेअरच्या दुकानातला गोंद सहसा इथिलचा. फेविक्विक त्याच जातीचं. शेपटी लांब असेल, म्हणजे ब्युटिल किंवा ऑक्टिल, तर तो सावकाश तुटतो, जे बाहेर पडतं ते शरीर सहज निस्तरतं. ऑक्टिल तर लवचिकही असतो, चेहरा हलला तरी तडकत नाही. तुमच्या मुलाचा गोंद जांभळा होता म्हणजे बहुधा ऑक्टिल असावा. काही ब्युटिल गोंद निळे असतात. रंग मुद्दाम घालतात, म्हणजे थर कुठवर गेला ते आम्हाला दिसतं.

आणि 'सायनो'. त्या रेणूत कार्बन-नायट्रोजनची एक जोडी असते, म्हणून ते नाव. ज्या सायनाइडची आपल्याला धास्ती असते ते कातडीवरच्या या थरातून सुटं होऊन रक्तात जात नाही. एवढ्यावरून तरी झोपा.

टाके की गोंद, यावर अभ्यास झालेत आणि त्यांचं सार मला माझ्या कॅज्युअल्टीतही दिसतं. योग्य जखम निवडली असेल तर काही महिन्यांनी व्रण दोन्हींचे सारखेच दिसतात. गोंदाला वेळ कमी लागतो, दुखतं कमी, आणि टाके काढायला परत यावं लागत नाही. गोंदाची जखम उकलण्याची शक्यता मात्र थोडी जास्त. साधारण पंचवीस जखमांमागे एखादी जास्त उकलते असं धरा. साडेचार वर्षांच्या पोराला चौघांनी दाबून धरून, भुलेची सुई टोचून, रडवून टाके घालायचे की पंचविसात एकाचा धोका घ्यायचा? चेहऱ्यावरच्या छोट्या, सरळ, स्वच्छ चिरेसाठी मी बहुतेक वेळा गोंद निवडते. दुसरा एखादा चांगला सर्जन टाके निवडेल आणि तोही चुकीचा नसेल.

हनुवटी ही मात्र मधली जागा आहे. कपाळाची कातडी शांत पडून असते. हनुवटी खाताना, बोलताना, रडताना सतत हलते, शिवाय खालच्या बाजूला असल्यामुळे मूल पुन्हा पडलं की मार तिथेच. जखम वरवरची असेल आणि कडा अलगद भिडत असतील तर गोंद पुरतो. खोल असेल, आतली चरबी दिसत असेल, कडा सोडल्या की तोंड उघडत असेल, तर मी आत विरघळणारा एखादा टाका घालून ताण काढून घेते आणि वर गोंद लावते. तुमच्या मुलाला सुई टोचलीच नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे कडा सहज भेटल्या असाव्यात. सासूबाईंना हे सांगा: ताण असेल तर त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं.

काही जखमांना मी गोंदाला हातही लावत नाही. कुत्र्या-मांजरानं चावलेली जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची, रेबीजची लस आणि गरज असेल तर जखमेतलं इंजेक्शन द्यायचं. ती घट्ट बंद करून टाकली तर आतला जंतू आतच राहतो. खिळा घुसलेली जखम, शेणमातीत माखलेली, बारा-चौदा तासांनी आलेली, पू असलेली, यांना गोंद म्हणजे घाणीवर झाकण. गुडघा, कोपर, बोटांचे सांधे आणि तळहात इतके हलतात की थर दुसऱ्या दिवशी निघून येतो. ओठांच्या आत आणि तोंडात आमचा कातडीवरचा गोंद वापरत नाहीत. ज्यांची साखर वाढलेली असते किंवा जे दीर्घकाळ स्टेरॉईड घेतात, त्यांच्या जखमा हळू भरतात. थर पडायच्या आत जखम तयार झालेली नसते. आणि ज्याला आधी गोंदाची किंवा फॉर्मल्डिहाइडची अ‍ॅलर्जी झाली आहे त्याला नाही. हा प्रश्न आता मी तरुण मुलींना आवर्जून विचारते. खोट्या पापण्या आणि नखं चिकटवायचा गोंद याच घराण्यातला, आणि काहीजणींचं शरीर त्यामुळे आधीच खवळलेलं असतं.

त्यावरून खाजेचं सांगते. गोंदाखाली जखम भरताना थोडी खाज सुटते, ती चालते. पण गोंदाच्या थराइतक्याच आकाराची लाल, पुरळ उठलेली, खूप खाजणारी पट्टी दिसली तर ती अ‍ॅलर्जी असू शकते. त्यात दुखणं कमी आणि खाज जास्त. जंतू झाले की उलटं असतं: खाज कमी, दुखणं, गरमपणा आणि सूज जास्त. दोन्हीत डॉक्टर गाठायचा, पण उपाय वेगळे.

आणखी एक गंमत, गोंदाची माझी सगळ्यात आवडती. डोक्यावरच्या जखमेला गोंद लावत नाहीत, कारण केस. पण सिंगापूरच्या डॉक्टरांनी केसच कामाला लावले आणि २००२ मध्ये त्यावरचा अभ्यास छापला. जखमेच्या दोन्ही काठांवरचे चार-पाच केस उचलायचे, एकमेकांना एक पीळ द्यायचा आणि त्या पिळावर गोंदाचा एक थेंब. अशा चार-पाच गाठी मारल्या की जखम बंद. कातडीला गोंद नाही, भूल नाही, केस भादरणं नाही. ऐन लग्नसराईत करवलीचं डोकं फुटलं तेव्हा ही युक्ती कामी आली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या गजऱ्याखाली काही दिसलंही नाही. अर्थात आत रक्तवाहिनी उडत असेल किंवा केस बोटभरही नसतील तर ही युक्ती चालत नाही.

आता दिरांच्या 'घरीच लावला असता'बद्दल. रागावत नाही, कारण असे घरचे गोंद मी पुष्कळ पाहिलेत. सुतारकाम करणारे, वर्कशॉपमधले लोक बोटाची बारीक चीर असल्या गोंदानं बंद करतात आणि कामाला लागतात. टाचांच्या भेगांत तो भरणारे शेतकरीही पाहिलेत. भेग जाड, मेलेल्या कातडीतली असेल तर बहुतेकांचं काही बिघडत नाही. पण मधुमेहामुळे ज्याच्या पायाची जाणीव गेलीय त्यानं भेगेत गोंद भरला, तर आत पू साचलेला कळणारच नाही. तसा एक पाय मी पाहिलाय. वर चकचकीत, आतून पोकळ.

जखमेत हार्डवेअरचा गोंद भरण्याला माझा विरोध फक्त रसायनापुरता नाही. तो निर्जंतुक नसतो, घट्ट होताना जास्त तापतो आणि आत ठणका देतो, हे सगळं आहेच. मोठी गोष्ट ही की जखम बंद करण्याआधी तिच्यात बघावं लागतं. काचेचा तुकडा राहिलाय का, नस कापलीय का, बोट वाकतं का, हाड दुखावलंय का. तीन वर्षांपूर्वी एक वडील मुलाच्या कपाळाची जखम आधी हळद दाबून आणि मग वरून गोंद लावून घेऊन आले. हळद धुवून काढायलाच अर्धा तास गेला, मग आत दोन बारीक खडे सापडले. वडिलांनी प्रेमानंच केलं होतं सगळं.

या घरगुती ट्यूबनं येणारे अपघात वेगळेच, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. बोटं चिकटली तर ओढून फाडू नका. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा आणि पेन्सिल फिरवल्यासारखी हलकेच गोल फिरवत सोडवा. नखांवरचा रंग काढायचं अ‍ॅसिटोन बोटांच्या धडधाकट कातडीवर चालतं. डोळ्यात, तोंडात, जखमेवर कधीही नाही. ओठ चिकटले तर कोमट पाणी आणि लाळ आपलं काम करतात. कपड्यावर सांडला तर कपडा तात्काळ कातडीपासून दूर करा, विशेषतः सुती किंवा लोकरीचा. कापसाच्या धाग्यांवर हा गोंद इतक्या वेगानं घट्ट होतो की कपडा तापून धूर निघतो आणि खालची कातडी भाजते. कापसाच्या बोळ्यानं सांडलेला गोंद टिपायला जाणाऱ्यांचे हात असेच भाजतात.

आणि डोळा. ती छोटी ट्यूब आणि डोळ्याच्या थेंबांची बाटली एकाच ड्रॉवरमध्ये ठेवू नका. चष्मा न लावता रात्री थेंब टाकणाऱ्या आजी-आजोबांच्या बाबतीत हे जगभर घडतं, आमच्याकडेही घडलंय. गोंद डोळ्यात गेला तर भरपूर पाण्यानं धुवा, पापण्या जबरदस्तीनं उघडू नका, वर ओलं मऊ कापड ठेवून नेत्रतज्ज्ञांकडे न्या. चिकटलेल्या पापण्या थोड्या दिवसांत आपोआप सुटतात, कधी फक्त पापण्यांचे केस कापावे लागतात. नजर सहसा वाचते. घाबरून ओढाओढ केली तर बुबुळाला इजा होते.

हा धोका आम्हालाही असतो. कपाळावर, भुवईजवळ गोंद लावताना तो पाण्यासारखा ओघळतो. त्यामुळे मुलाचं डोकं असं ठेवायचं की ओघळ डोळ्यापासून दूर जाईल, आणि मध्ये व्हॅसलिनचा बांध घालायचा. माझ्या पहिल्यावहिल्या केसेसपैकी एकीत मी सगळी काळजी घेतली आणि शेवटी माझा हातमोजाच मुलीच्या कपाळाला चिकटला. मोज्याचं बोट कापून मुलीला मोकळं केलं. सिस्टर महिनाभर हसत होत्या.

आता कुणी विचारेल, जखमेच्या आत गोंद नको म्हणता आणि हॉस्पिटलात रक्तात टोचतात ते कसं? टोचतात, खरंय. लिव्हर खराब झालेल्या माणसाच्या जठरात फुगलेल्या शिरा फुटल्या तर दुर्बिणीतून त्या शिरेतच ब्युटिल गोंद सोडतात. रक्ताला लागला की तो काही क्षणांत घट्ट होऊन शीर बुजते. १९८६ मध्ये हॅम्बुर्गच्या निब सोहेंद्र यांनी ही पद्धत मांडली आणि आजही ती जीव वाचवते. मेंदूतल्या गुंतलेल्या रक्तवाहिन्यांतही अतिबारीक नळीतून हाच गोंद सोडतात. तिथे नळी धुवायला सलाईन वापरत नाहीत, ग्लुकोजचं पाणी वापरतात. सलाईन लागलं तर गोंद नळीतच गोठेल. गोठायचा वेग आवरायला त्यात तेलकट औषध मिसळतात. प्रमाण थोडं चुकलं तर गोंद पुढे वाहत फुफ्फुसात जाऊ शकतो किंवा नळीचं टोक शिरेतच अडकतं. तिथे शीर बुजवायचीच असते, म्हणून गोंद आत हवा असतो. तुमच्या मुलाच्या हनुवटीत कडा जुळवायच्या होत्या, बुजवायचं काहीच नव्हतं.

आमच्या भागात आणखी एक उपयोग नेहमी दिसतो. उसाचं पातं डोळ्याला लागतं, बुरशीचा संसर्ग होतो आणि बुबुळाला बारीक भोक पडतं. ते दोन-तीन मिलिमीटरच्या आत असेल तर नेत्रतज्ज्ञ गोंदाचा एक ठिपका लावून भोक बुजवतात आणि वर मऊ लेन्स ठेवतात, म्हणजे खडबडीत गोंद पापणीला टोचत नाही. बुबुळरोपणाची सोय होईपर्यंत डोळा तगून राहतो, कधी कधी रोपण लागतही नाही.

पुढच्या आठवड्याचं थोडक्यात. आंघोळ चालेल, पण जखम भिजत ठेवू नका, घासू नका, टॉवेलनं टिपून घ्या. टबात बसणं, पोहणं नको. गोंदावर तेल, तूप, व्हॅसलिन, मलम यातलं काहीही लावू नका. स्निग्ध पदार्थानं गोंद सुटतो, आणि आमच्याकडच्या वेळेआधी उकललेल्या निम्म्या हनुवट्यांवर आजीनं मायेनं लावलेलं खोबरेल असतं. वर चिकटपट्टीही लावू नका, काढताना गोंद घेऊनच निघेल. खाजवत असेल तर नखं कापा आणि रात्री मोजे घाला हातांना. थर पडल्यावर जखम बंद दिसेल, पण तेव्हा तिच्यात मूळ कातडीच्या दहा टक्केही ताकद नसते. म्हणून अजून दोन-तीन आठवडे सायकल आणि सोफ्यावरच्या उड्या बंद, निदान प्रयत्न करा. व्रण काही महिने गुलाबी राहील. त्याचा खरा चेहरा वर्षभरानं कळतो, तोवर क्रीमवर पैसे घालवू नका, फक्त ऊन लागू देऊ नका.

बिलाचं विचारलंत. जखमेसाठीचा गोंद एका रुग्णापुरत्या छोट्या कुपीत येतो, उरलेला फेकावा लागतो. ब्युटिल स्वस्त, ऑक्टिल त्याच्या कितीतरी पट महाग. तुमच्याकडून घेतलेली रक्कम वाजवी होती का, ते मला इथून कळणार नाही. बिलात कुपीचं नाव असतं. नसेल तर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. शिवाय पुढे कधी अ‍ॅलर्जीचा प्रश्न आला तर ते नाव लागेल.

आणि लसीचं कार्ड काढा. दीड वर्षाच्या आसपासचा डीपीटीचा बूस्टर झाला असेल तर या जखमेसाठी धनुर्वाताचं वेगळं इंजेक्शन लागत नाही. पाचव्या वर्षाचा बूस्टर अजून राहिलाय, तो वाढदिवसानंतर देऊन टाका. तोवर संध्याकाळी जेवताना तो आ नीट करतोय ना, तेवढं बघून मला कळवा.